ठेका तोच, चाल निराळी

(रेडिओवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मी नालासोपारा पूर्वेच्या आचोळ्यात राहतो आणि धंद्याने साउंडवाला आहे. लग्न, हळद, सत्यनारायण, गणपती, शाळेचं गॅदरिंग, कोणाकडेही कार्य निघालं की आमचा टेम्पो त्यांच्या दारात उभा राहतो. १९८५ साली दोन भोंगे, एक अ‍ॅम्प्लिफायर आणि एक रेकॉर्ड प्लेअर घेऊन सुरुवात केली. आज टॉप आहेत, बेस आहेत, मिक्सर आहे, लॅपटॉप आहे. इतकी वर्षं गाणी वाजवली म्हणजे गाण्यातलं सगळं कळतं, असा माझा समज होता. तो कसा उतरला, ते सांगायला आज आलो आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याच रस्त्यावर एक हळद होती. आमच्या भागात हळदीची रात्र लग्नापेक्षा मोठी. नवऱ्या मुलाचे ऑफिसातले मित्र पुण्याहून आले होते. त्यातला एक माझ्याकडे येऊन म्हणाला, "काका, थोडं टेक्नो लावा ना." मी लॅपटॉपवर पाहून एक लावलं. तो परत आला. "काका, हे हाऊस आहे." दुसरं लावलं. "काका, हा तर ट्रान्स झाला." मी वैतागलो. म्हटलं, "बाबा रे, सगळं धडधडच आहे. नाच की!" तो बिचारा हसून निघून गेला.

एवढ्यावर राहिलं असतं तर मी ते विसरलो असतो. पण त्याच रात्री समोरच्या खुर्चीवर एक चार-पाच वर्षांची मुलगी दोन्ही कानांवर हात दाबून बसलेली मला दिसली. तिची आई येऊन म्हणाली, "दादा, आवाज फार टोचतोय हो." मला काही टोचत नव्हतं. उलट आवाज मंद, गोधडीखालून आल्यासारखा वाटत होता, म्हणून मी ट्रेबलचं बटण आणखी वर नेलं होतं. माझी मुलगी त्या दिवशी मदतीला आली होती. ती मिक्सरपाशी आली आणि काही न बोलता तिने बटण खाली आणलं. मग माझ्याकडे बघत राहिली. "बाबा, तुम्हाला हे ऐकू येत नाहीये का?"

आठवड्याभराने कानाची तपासणी झाली. कागदावर एक रेघ आली. डावीकडे, म्हणजे खर्जाच्या बाजूला, ती बरी होती. चार हजार हर्ट्झपाशी ती विहिरीत पडल्यासारखी खाली गेली आणि पुढे वर आलीच नाही. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांची रेघ नेमकी तिथेच पडते, असं तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं. कानाच्या आतल्या बारीक केसांच्या पेशी एकदा गेल्या की माणसात त्या परत येत नाहीत. बोलण्यातले स, श, च, फ हे वर्ण वरच्या पट्टीतले, तेच आधी हरवतात. आमच्या घरी बायको "सहा वाजले" म्हणाली की मी "हो, दे" म्हणतो. मला "चहा" ऐकू येतो.

माझी मुलगी साउंडचा कोर्स केलेली आहे. एका स्टुडिओत काम करते आणि रात्री घरी लॅपटॉपवर स्वतःचं संगीत बनवते. तेच, ज्याला मी धडधड म्हणत होतो. दाराआडून ते मी कित्येक वर्षं ऐकत होतो आणि "हेडफोन लाव" एवढंच सांगत होतो. तपासणीनंतर एका रविवारी मी तिच्या खोलीत जाऊन बसलो आणि म्हटलं, "सांग बघू, हाऊस कुठलं आणि टेक्नो कुठलं."

तिने आधी मला घड्याळ हातात घ्यायला लावलं. पंधरा सेकंद ठोके मोजा आणि चाराने गुणा. मिनिटाला १२० ते १३० ठोके आले तर बहुधा हाऊस. टेक्नो त्याच्या जरा पुढे. १४० ते १५० असेल तर गोव्याकडचा ट्रान्स. १७०च्या आसपास गेलं तर ड्रम अँड बेस. मी म्हटलं, संपलं की मग, घड्याळ असलं की झालं. ती हसली आणि तिने १४० चेच दोन तुकडे लावले. एकात पाय आपोआप धावायला लागले, दुसऱ्यात मान सावकाश डोलायला लागली. पहिला ट्रान्स आणि दुसरा लंडनच्या दक्षिण भागात जन्मलेला डबस्टेप. मोजायला गती एकच, पण डबस्टेपमध्ये जोरकस टाळी मात्रा सोडून तिसऱ्या ठोक्यावर पडते, म्हणून अंगाला ती सत्तरची लय वाटते. तरुणपणी मी भजनी मंडळात तबला वाजवत असे. बराबरीची लय आणि दुगुन यातला फरक मला शिकवावा लागत नाही. तिथून पुढे मी तिला म्हटलं, तू मला इंग्रजी नावं नको सांगू, बोल सांग.

आणि मग आम्ही बोल बांधले. या सगळ्या पंथांचा मूळ ठेका एकच. चारही मात्रांवर सारखा बडा ठोका, धूम् धूम् धूम् धूम्. डिस्कोपासून आलेला. हाऊसमध्ये दोन ठोक्यांच्या मध्ये झांज उघडते, धूम्-च्चि धूम्-च्चि, आणि दुसऱ्या व चौथ्या ठोक्यावर टाळी. वर पियानो, कोणीतरी कळवळून गाणारं, चर्चमधल्या गाण्याची धाटणी. हे शिकागोचं. तिथल्या वेअरहाऊस नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स रेकॉर्डी वाजवत असत आणि 'हाऊस' हे नाव त्या क्लबावरूनच पडलं, असं मानतात. टेक्नो शेजारच्याच डेट्रॉइटचं, मोटारींच्या कारखान्यांच्या शहराचं. हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे तीन शाळासोबती १९८०च्या दशकात ते करू लागले. त्यात गायक सहसा नाही, गाण्याचा मुखडा नाही. एकच लहानसा तुकडा फिरत राहतो आणि त्याचा रंग हळूहळू बदलतो. रेल्वेच्या डब्यात बसल्यावर रुळांचा आवाज ऐकावा तसं. विरार लोकलने आयुष्यभर प्रवास करणाऱ्याला टेक्नो परका वाटायचं कारण नाही.

ट्रान्स १९९०च्या सुमारास जर्मनीत आकाराला आला. त्याची खूण म्हणजे चाल. सूर चढत जातात, मध्येच ठेका पूर्ण थांबतो, नुसते सूर तरंगत राहतात आणि मग ठोका परत येतो तेव्हा सगळी गर्दी एकदम उडते. भजनात पखवाज थांबवून गायक ओळ आळवतो आणि समेवर पखवाज कोसळतो, तेव्हा माना जशा हलतात, तोच प्रकार.

इथे मला अडचण आली. मुलीने हाऊस लावलं, मी टेक्नो म्हणालो. पुन्हा लावलं, पुन्हा चुकलो. ती म्हणाली, "बाबा, मधली झांज ऐका ना." मी कान दिले. धूम् होतं, पुढे काही नव्हतं. मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. ती झांज सहा-सात हजार हर्ट्झच्या वरची. माझ्या कागदावरची रेघ तिथे विहिरीच्या तळाशी आहे. या दोन पंथांतली जी खूण सगळ्यांत आधी कानावर यावी, ती माझ्या कानाला मिळणारच नव्हती. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ठीक आहे, आपण खालून ओळखू."

खालून म्हणजे बेसवरून. ते शिकताना मात्र मजा आली, कारण तिथे माझे कान अजून शाबूत आहेत आणि कान नसले तरी छाती आहे. गोव्याचा ट्रान्स आणि त्याचाच धाकटा भाऊ सायट्रान्स, हे दोन वेगळे कसे करायचे, यावरून चाहत्यांमध्ये भांडणं होतात. मला ते सर्वांत सोपं गेलं. सायट्रान्समध्ये प्रत्येक ठोक्याच्या मागे बेसचे तीन बारीक आघात धावतात. धूम्-ग-ड-ग, धूम्-ग-ड-ग. मिनिटाला १४५ ठोके धरले तर ठोका अधिक तीन, म्हणजे ५८० आघात. बेसच्या पेटीवर तळहात ठेवला की घोडा दौडताना कळतो. गोवा ट्रान्समध्ये ही दौड तितकी कोरीव नसते. तिथे वरचे सूर महत्त्वाचे, तीन-चार चाली वेणीसारख्या एकमेकींत गुंफलेल्या, आणि कोमल रिषभ लावण्याची फार खोड. आपल्याला बसंत मुखारीची आठवण व्हावी, असं काहीतरी मधूनच लागतं.

तुमच्यापैकी शास्त्रीय संगीत ऐकणारे मनात म्हणत असतील, एवढ्याशा फरकाला वेगळं नाव कशाला? पण भूप आणि देशकार यांचे स्वर पाचही तेच. गंधारावर वजन दिलं, खालच्या अंगाने चाललं की भूप, धैवतावर जोर देऊन वर राहिलं की देशकार. ते आपण मान्य करतो, मग या पोरांनी काय पाप केलं?

गोव्याचं नाव या संगीताला का चिकटलं, हे मला साउंडवाला म्हणून फार आवडलेलं प्रकरण आहे. हणजूण, वागातोरच्या किनाऱ्यावर १९७०च्या दशकात हिप्पी जमत, तेव्हा तिथे गिटारी आणि रॉक होतं. १९८०च्या दशकात युरोपातून यंत्रांवरचं संगीत आलं. कॅलिफोर्नियातून आलेला गिल्बर्ट लेव्ही, ज्याला सगळे गोवा गिल म्हणत, तो या मंडळींतला सर्वांत प्रसिद्ध. २०२३ साली गोव्यातच वारला. आता प्रश्न असा, की किनाऱ्यावर, उन्हात आणि वाळूत रेकॉर्डी वाजवायच्या कशा? उन्हाने रेकॉर्ड पापडासारखी वाकते. मी स्वतः मे महिन्यात टेम्पोत विसरलेल्या अकरा रेकॉर्डी अशा घालवल्या आहेत. तेव्हा ही मंडळी कॅसेटवर आली आणि पुढे डॅट नावाच्या छोट्या डिजिटल टेपवर. पण डॅटच्या यंत्रावर गती कमी-जास्त करता येत नाही. रेकॉर्डच्या तबकडीवर दोन गाण्यांचे ठोके जुळवून एकातून दुसऱ्यात अलगद शिरता येतं, टेपवर ते जमत नाही. मग उपाय काय? गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी बिनठेक्याचे लांब सूर ठेवायचे, म्हणजे एक विरताना दुसरं सुरू करता येतं, ठोके आपटत नाहीत. गोवा ट्रान्सच्या आरंभी जो आलापासारखा लांब भाग असतो, त्यात अध्यात्म किती आणि टेपची अडचण किती, हे ज्याने त्याने ठरवावं. मी दोन कॅसेट डेकवर लग्नं वाजवलेला माणूस. मला उत्तर माहीत आहे.

दुसरं प्रकरण मुंबईचं. जपानच्या रोलँड कंपनीने १९८०च्या सुमारास काही यंत्रं काढली. टीआर-८०८ हे तालाचं यंत्र, आणि टीबी-३०३ हे बेस गिटारवाल्याऐवजी साथ करणारं लहानसं रुपेरी खोकं. ३०३ चा आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता. चिखलात रुतलेली चप्पल ओढून काढावी तसा तो येई. १९८४ मध्ये कंपनीने ते बंद केलं. ती खोकी जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली, शिकागोच्या पोरांनी ती घेतली, बटणं वाटेल तशी पिळली आणि १९८७ साली फ्यूचर नावाच्या गटाची 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही रेकॉर्ड आली. तो अ‍ॅसिड हाऊस. हाऊसच्याच ठेक्यावर हा पिळवटलेला चिकट आवाज आला, की तो अ‍ॅसिड. ही खूण मात्र मलाही चुकत नाही.

पण त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ साली, मुंबईत चरणजित सिंग या वादकाने हीच दोन यंत्रं आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर घेऊन एक रेकॉर्ड केली. दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर. भैरव, ललित, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. सिंग हे सिनेमाच्या वाद्यवृंदांतले जुने वादक. ती रेकॉर्ड तेव्हा फारशी खपली नाही. माझ्याकडे त्या काळातल्या डिस्को गाण्यांच्या ढीगभर रेकॉर्डी होत्या, ही नव्हती. २०१० मध्ये हॉलंडच्या एका संग्राहकाच्या खटपटीने ती पुन्हा निघाली आणि परदेशी लोक थक्क झाले. हा तर अ‍ॅसिड हाऊस! सत्तरीत सिंगांना युरोपातून कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ साली ते गेले.

तेव्हापासून 'अ‍ॅसिड हाऊस मुंबईत जन्मलं' असं अभिमानाने सांगितलं जातं. मलाही सांगायला आवडलं असतं. पण मुलगी म्हणाली ते मला पटलं. शिकागोतल्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकली होती, याला काही आधार नाही. तोंडवळा सारखा म्हणून नातं लागत नाही. सारखेपणा आला तो यंत्रामुळे. ३०३ एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो, म्हणजे मींड घेतो. आपल्या रागाखाली एकच षड्ज धरलेला असतो, पाश्चात्त्य गाण्यासारखे कॉर्ड बदलत नाहीत. आणि या नाचाच्या संगीतालाही एकाच सुरावर तासभर उभं राहायला आवडतं. दोन वेगळ्या वाटांनी आलेली माणसं एकाच पाणवठ्यावर भेटली, इतकंच. सिंगांचा मोठेपणा त्याने कमी होत नाही.

तुटक्या ठेक्यांचे प्रकार मी थोडक्यात सांगतो, कारण ते माझे आवडते नाहीत. ड्रम अँड बेस, जंगल वगैरेंमध्ये सरळ धूम् धूम् नसतो, ठोका अडखळत उड्या मारतो. त्यातल्या कित्येक गाण्यांचा ताल १९६९च्या एका अमेरिकन रेकॉर्डमधून कापलेल्या सहा-सात सेकंदांच्या तुकड्यातून निघालेला आहे. तो वाजवणारा ड्रमर, ग्रेगरी कोलमन, २००६ साली बेघर अवस्थेत मेला. त्याच्या वाजवण्यावर जग नाचलं आणि त्याला एक पैसा मिळाला नाही. हे कळल्यापासून तो ठेका लागला की माझ्या मनात आधी तेच येतं.

आणि आपल्याकडे तरी काय कमी प्रकार आहेत? आमच्या वसई तालुक्यात ख्रिस्ती लग्नाचा ब्रास बँड, कोळ्यांच्या हळदीतला बेंजो, आदिवासी पाड्यावरचा तारपा, हे कोणी डोळे मिटूनही ओळखेल. बेंजोला पिकअप बसला, जोडीला ऑक्टोपॅड आला, तेव्हाच आमचं नाचाचं संगीत विजेवर चालायला लागलं होतं. आता तर डीजेची पोरं मागणी करतात तीही अशी, "काका, संबळ मिक्स नको, हलगी मिक्स लावा." खालचा बडा ठोका दोन्हींत तोच. वर संबळ घुमते की हलगी कडकडते, एवढाच फरक. ज्या पोराला हा फरक कळतो त्याला हाऊस आणि टेक्नोतला कळणार नाही? आणि मी, ज्याला तो कळत होता, त्याने "सगळं धडधडच" म्हणावं? पुण्याच्या त्या मुलाची माफी मागायची राहून गेली आहे.

धंद्यात मी काय बदललं तेही सांगतो. ट्रेबलच्या बटणाला आता मी हात लावत नाही. ते काम आमच्याकडच्या विशीतल्या पोराचं, आणि त्याला कानात बोळे घातल्याशिवाय मी पेट्यांजवळ उभा राहू देत नाही. हिशेब सोपा आहे. ८५ डेसिबल आठ तास सोसवतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. हळद रात्री काही पंधरा मिनिटांत आटपत नाही. पेट्यांसमोर खुर्च्या मांडू देत नाही, लहान मुलं असतील तर मुळीच नाही. दहा वाजले की बंद, तो तर २००० सालापासूनचा नियमच आहे. "काका, अजून एकच," असं प्रत्येक जण म्हणतो. याने दोन-चार गिऱ्हाइकं गेली. जाऊ देत.

कानाचं यंत्र घेतलं आहे. त्याने बोलणं बरं कळतं, "सहा" आता "सहा"च ऐकू येतं. संगीत मात्र त्यातून पत्र्यावर पावसाचे थेंब पडल्यासारखं येतं, म्हणून मुलीच्या खोलीत जाताना मी ते काढून ठेवतो आणि बेसच्या पेटीवर हात ठेवून बसतो. रविवारी दुपारी आमची परीक्षा असते. दहा तुकडे, दहा नावं. सायट्रान्स, अ‍ॅसिड, डबस्टेप यांत मी पैकीच्या पैकी घेतो. हाऊस आणि टेक्नोमध्ये अजून अंदाजपंचे.

गेल्या रविवारी तिने शेवटचा तुकडा लावला. मी बराच वेळ ऐकलं. बेस जरा झुलत होता, दुसऱ्या ठोक्यावर काहीतरी जाडसर आपटत होतं. "हाऊस," मी म्हटलं.

"कशावरून?"

"टाळी ऐकू आली."

ती म्हणाली, "माझंच आहे ते. टाळी खालच्या पट्टीत घेतली, तुमच्यासाठी."

मी म्हटलं, "पुन्हा लाव."